आचवलांची ‘किमया’

माधव आचवल (१९२६–१९८०) बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वास्तुकला शिकवीत. ते फावल्या वेळचे लेखक, असे कोणी म्हटले की मला खटकते. १९६१ साली मौजेने काढलेली त्यांची ‘किमया’ पाहा. इथे वास्तू म्हणजे विटा-चुना नव्हे, तर भिंतींनी वेढलेली पोकळी. माणूस आत शिरला की उजेड, सावली, उंची सारेच त्याच्या मनाशी बोलू लागते. हे निव्वळ साहित्यिकाला साधते ना. निव्वळ वास्तुकाराला तर नाहीच नाही. ‘जास्वंद’मधल्या समीक्षकापेक्षाही मला हाच आचवल मोठा वाटतो. आमच्या भुईगावात जुने घर पाडताना कौले, वासे मोजून विकतात. ओटीवरचा दुपारचा गारवा कोणाच्याच हिशेबात नसतो. वर्गातल्या मुलांना मी ‘किमया’तली पाने वाचून दाखवतो, ती यासाठी.