सुरेश भटांच्या कवितेतील ‘मी’: संबोधनाचे स्थित्यंतर

सुरेश भट यांच्या काव्यप्रवासाची मांडणी बहुधा ‘प्रेमकवी ते विद्रोही कवी’ अशा सरळ रेषेत केली जाते. ‘रूपगंधा’ (१९६१), ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) या संग्रहांची नावेही या मांडणीला पूरक ठरतात. तथापि ती आशयातील बदलाची नोंद घेते; संबोधनातील बदलाची घेत नाही. भट आपली कविता स्वतः गाऊन सादर करीत. गायिली जाणारी कविता कुणाला तरी उद्देशून असते. म्हणून तिच्यात कोण बोलतो आणि कोणाशी बोलतो, हा प्रश्न आशयाइतकाच मूलभूत ठरतो.

‘रूपगंधा’त गीत आणि भावकविता यांचे वळण प्रधान आहे, गझल हा अद्याप अनेकांपैकी एक रूपबंध आहे. भटांच्या सर्वाधिक गाजलेल्या शृंगारिक रचनांत, म्हणजे ‘मालवून टाक दीप’, ‘तरुण आहे रात्र अजुनी’ किंवा ‘घरकुल’ (१९७०) या चित्रपटातील ‘मलमली तारुण्य माझे’ यांत, बोलते ती स्त्री. पुरुष कवीने स्त्रीमुखातून शृंगार वदवण्याची परंपरा शाहिरी लावणीत आहेच. परंतु लावणीतील स्त्री फडासमोर बोलते. भटांची नायिका फक्त प्रियकराशी. श्रोता येथे आगंतुक असतो, त्याने हे बोलणे जणू आडून ऐकलेले असते. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या स्वरांनी हा एकांत अधिकच गडद केला.

‘रंग माझा वेगळा’मध्ये हा एकांत मोडतो. अमरावतीत जन्मलेल्या आणि पुढे नागपुरात स्थिरावलेल्या या कवीभोवती, वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर, मराठी कविसंमेलन आणि उर्दू मुशायरा शेजारी नांदत होते. शीर्षक-गझलेची घडण पाहिली की या सहवासाचा परिणाम कळतो. वृत्त देवप्रिया, म्हणजे मराठी कानाला परिचित, रदीफ नाही, प्रत्येक शेर ‘ळा’ या यमकावर येऊन मिटतो. पहिली ओळ अपेक्षा निर्माण करते, दुसरी ती यमकाशी पूर्ण करते, आणि त्या क्षणी दाद देण्यासाठी जागा रिकामी राहते. सर्वांत मिसळूनही वेगळा असलेला ‘मी’ आपले एकटेपण मैफलीला सांगतो. या रचनेतील खरा ताण येथेच आहे: वेगळेपणाची घोषणा समूहाच्या प्रतिसादावाचून पूर्ण होत नाही.

‘एल्गार’पर्यंत गझल हा मुख्य रूपबंध होतो. माधव जूलियन यांची ‘गज्जलांजलि’ मराठीत आधीच होती. पण प्रत्येक शेर ही स्वयंपूर्ण कविता असली पाहिजे, हा आग्रह भटांनी धरला आणि ‘गझलेची बाराखडी’ लिहून तो नव्या कवींपर्यंत पोचवला. मात्र विद्रोह आणि गझल यांचे समीकरण मांडणे घाईचे होईल. ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटामुळे घरोघरी पोचलेली ‘उषःकाल होता होता’ ही रचना गीत आहे, गझल नव्हे. तिच्यात ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ येतो. हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात ती गातात आशा भोसलेच. प्रेयसीचे गूज सांगणारा स्वर फसवल्या गेलेल्या समूहाचा होतो, ही घटना भटांच्या विकासाचे ‘विद्रोहा’पेक्षा नेमके वर्णन करते.

या विकासाची किंमतही मोजावी लागली. स्वयंपूर्ण शेर दाद मागतो आणि दादेची अपेक्षा विधानाला ठाम करते. नायिकेच्या बोलण्यातील विनवणी, संकोच, उत्तराची प्रतीक्षा यांना अशा शेरात फारसा वाव उरत नाही. भटांच्या उत्तम गझलांत ही उणीव आत्मोपहास भरून काढतो. त्यांच्या अनुयायांच्या गझलेत तो क्वचितच आढळतो. त्यांनी बाराखडी घेतली, परंतु ठामपणा हाच गझलेचा स्वभाव मानला. मराठी गझलेतील पुनरावृत्तीची कारणे तंत्राच्या आग्रहात शोधली जातात. ती संबोधनाच्या या एकेरीपणात शोधणे अधिक फलदायी ठरेल. प्रतीक्षा करणारा तो आवाजही गझलेच्या चौकटीत बसत होता, याचा पुरावा भटांच्याच ‘तरुण आहे रात्र अजुनी’मध्ये आहे.