घरी दळलेला लिनक्स

माणूस ज्या भाषेत संगणकाचा प्रोग्रॅम लिहितो, ती यंत्राला कळत नाही. तिचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करावे लागते. याला ‘कंपाइल करणे’ म्हणतात. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत हे काम दुसऱ्या कोणी आधीच केलेले असते. आपल्याला तयार पीठ मिळते. ‘जेंटू’ची रीत घरघंटीची. याची १.० ही आवृत्ती २००२ साली निघाली आणि नाव चपळ पोहणाऱ्या एका पेंग्विनचे. मूळ मजकूर आणायचा आणि आपल्याच यंत्रावर, आपल्या प्रोसेसरला साजेसा दळायचा. यामुळे संगणक वेगवान होतो, असे याचे चाहते सांगतात. पुण्यात घरच्या जुन्या संगणकावर मी तो बसवून पाहिला.

एकूण २० तास लागले. मध्येच गुरुवार आला आणि दुरुस्तीसाठी वीज गेली; अर्धा झालेला ब्राउझर पुन्हा पहिल्यापासून! (पुणेकरांना गुरुवारचे महत्त्व सांगायला नको.)

विजेचे मोजमाप सोपे आहे. आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा आहे, म्हणजे त्याचा दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रीज, पंखे, दिवे सारे बंद केले. संगणक नुसता चालू असताना दिवा २५ सेकंदांनी लुकलुकत होता, कंपाइल करताना साधारण साडेबारा सेकंदांनी. म्हणजे ४५ वॅटचे ९० वॅट झाले. २० तासांचे १.८ युनिट.

आता फायदा. सरासरी ६० वॅटवर काम करताना ५ टक्के वीज वाचते असे उदारपणे धरू. ते झाले ३ वॅट. १.८ युनिट भरून निघायला ६०० तास हवेत. रोज ३ तास वापर असेल तर २०० दिवस. तोवर सुधारित आवृत्त्या येत राहतात आणि घरघंटी पुन्हा सुरू होते. शिवाय पत्र लिहिताना संगणक बहुतेक वेळ माझ्या बोटांची वाट पाहत असतो. तिथे वेग वाढून काय होणार?

दावा खोटा नाही, जागा चुकली आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ महासंगणक आला. अशा यंत्रावर हवामानाचे तेच गणित रोज, हजारो प्रोसेसरांवर चालते. तिथे प्रोग्रॅम त्या यंत्रासाठी खास कंपाइल केला तर खर्च लगेच वसूल होतो.

डिसेंबर २०२३ पासून जेंटूही बरेचसे तयार पीठ देऊ लागला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत सारखे १० संगणक असतील, तर एकावर दळून बाकीच्या नऊंना वाटण्याची सोयही त्यात आहे. मात्र संगणक आतून कसा जुळतो हे शिकायचे असेल, तर एकदा स्वतः दळावेच. मला त्या १.८ युनिटांत ते शिकता आले, आणि तेवढ्यापुरती माझी तक्रार नाही. सध्या त्या संगणकावर तयार लिनक्स आहे.