प्रज्ञाचक्षूंचें चरित्र

आपल्या वाङ्मयांत गुरुस्मरण हा प्रकार जितका जुना तितकाच निसरडा आहे. ज्याच्यापाशीं आपण ज्ञान घेतलें त्याच्याविषयीं लिहितांना लेखणी सहजच प्रणाम करूं लागते. आणि प्रणाम करितांना मान खालीं असल्यामुळें समोरचा मनुष्य नीट दिसत नाहीं. गुरु शरीरानें अपंग असेल तर ही अडचण दुणावते. भक्तीच्या जोडीला करुणा येते, करुणेच्या जोडीला विस्मय येतो, आणि या तिहींच्या गर्दींत त्या गुरूनें काय शिकविलें व कसें शिकविलें हा प्रश्न मागें पडतो. विदर्भांतील श्रीगुलाबराव महाराजांच्या स्मरणाची परंपरा आज शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. तिच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील लोणी टाकळी येथें, एका कुणबी कुटुंबांत झाला. नऊ महिन्यांचे असतांनाच त्यांची दृष्टी गेली. मातेचें छत्रही बाळपणींच हरपलें. माधान हें त्यांचें गांव. २० सप्टेंबर १९१५ रोजीं पुणें येथें त्यांनीं देह ठेविला, तेव्हां त्यांचें वय अवघें चौतीस वर्षांचें होतें. एवढ्या अल्प आयुष्यांत त्यांनीं संस्कृत, मराठी, हिंदी आणि वऱ्हाडी बोलींत शंभराहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना केली. वेदांत आणि भक्ति हे तर त्यांचे मुख्य विषय. पण योग, आयुर्वेद, संगीत यांतही त्यांची गति होती, आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनीं परामर्श घेतला. आपण ज्ञानेश्वर महाराजांची कन्या आहों, असें ते म्हणवून घेत. लोकांनीं त्यांस ‘प्रज्ञाचक्षु’ ही पदवी दिली.

या पदवीपासूनच आमच्या शंकेस आरंभ होतो. प्रज्ञाचक्षु हा शब्द मोठा आदराचा आहे. परंतु तो उच्चारला म्हणजे पुढचें सारें कांहीं सांगून झालें, असें लिहिणारांस वाटूं लागतें. चर्मचक्षु गेले, ज्ञानचक्षु उघडले, आणि जन्मतःच सर्व शास्त्रें करतलामलकवत् झालीं! असें म्हटल्यावर अभ्यासाला जागा राहत नाहीं, आणि अभ्यासाला जागा राहिली नाहीं कीं अध्यापनालाही राहत नाहीं. ज्याला कष्टावांचून सर्व आलें तो इतरांस काय शिकविणार? त्याला नमस्कार करावा आणि घरीं जावें.

वस्तुस्थिति याहून पुष्कळच हृद्य आहे. महाराज शिष्यांकडून ग्रंथ वाचून घेत आणि स्वतः सांगून मजकूर लिहवून घेत. म्हणजे त्यांच्या विद्येचा सारा संसार कान, स्मृति आणि दुसऱ्याचे डोळे यांवर चालला होता. ते एकोणीस वर्षांचे झाले तेव्हां, म्हणजे १९०० सालीं, ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनीं मुंबईंत अंधांची शाळा काढली; आणि भारतीय भाषांसाठीं एक सामाईक ब्रेल लिपी ठरली ती तर १९५१ सालीं. खेड्यांतील त्या अंध मुलापुढें वाचणारा माणूस मिळविणें हाच एक मार्ग होता. पोथी कोण वाचीत असे, चुकलें तर तें कसें दुरुस्त होत असे, एकदां ऐकलेला पूर्वपक्ष चार दिवसांनीं उत्तर देतांना कसा आठवे, हीं खरीं चरित्राचीं पानें होत. विस्मयाच्या पुरांत तीं वाहून जातात, आणि त्यांबरोबर ते वाचणारे व लिहिणारे हातही वाहून जातात.

या हातांची आठवण ठेवणें हें परंपरेला सोडून आहे, असें कोणीं समजूं नये. ज्या ज्ञानेश्वरांस महाराज पिता मानीत, त्यांच्या शके १२१२ मधील ग्रंथाच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा लेखक म्हणून आदरानें उल्लेख आहे. त्या उल्लेखानें ज्ञानेश्वरीचें अलौकिकत्व तिळमात्र उणें झालेलें नाहीं. पाश्चात्त्यांकडेही पाहावें. मिल्टन कवि १६५२ च्या सुमारास पूर्ण अंध झाला आणि १६६७ सालीं प्रसिद्ध झालेलें आपलें महाकाव्य त्यानें दुसऱ्यांस सांगून लिहविलें. महाराजांहून एकच वर्षानें वडील असलेल्या हेलन केलर यांनीं १९०३ सालीं आपलें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांचीं पत्रेंही त्याच पुस्तकांत छापलीं गेलीं. त्यामुळें वाचकाला चमत्कार तर दिसतोच, पण तो रोज किती तासांच्या श्रमानें घडत होता, हेंही दिसतें.

आणि आम्ही तर असें म्हणूं कीं, ज्या देशांत सर्वांत थोर विद्येचें नांवच श्रुति, त्या देशांत डोळ्यांवांचून विद्या येणें यांत असंभाव्य असें कांहीं नाहीं. आमच्या परभणी जिल्ह्यांत गोदाकांठीं गंगाखेड आहे. तें जनाबाईंचें गांव. पुढें पंढरपुरास नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राहिलेल्या या बाईचें नांव मराठवाड्यांतील निरक्षर बायकांनीं पिढ्यान् पिढ्या जात्यावरच्या ओव्यांतून जतन केलें. त्यांनीं अक्षर कधीं पाहिलें नाहीं, तरी त्यांना भक्तीचें शास्त्र ठाऊक होतें. कीर्तनाच्या मंडपांत बसलेला डोळस श्रोता आणि अंध श्रोता यांत अंतर तें किती? गुलाबराव महाराज या श्रवणपरंपरेचें शिखर होत. तिच्या बाहेरचें नवल नव्हेत.

विस्मयवाद्यांच्या उलट टोकाला हल्लींचा एक सुशिक्षित वर्ग आहे. त्याचें म्हणणें असें कीं, दृष्टी नाहीं म्हणून मन आंत वळलें, संसारसुख आटलें म्हणून श्रद्धा वाढली. श्रद्धा ही व्यंगाची भरपाई होय. ही उपपत्ति शास्त्रीय दिसते, पण आहे आळशीच. अंधत्व असंख्यांस येतें. मधुराद्वैत एकालाच सुचतें. अद्वैताचा सिद्धांत यत्किंचितही न सोडतां प्रेमभक्तीचें माधुर्य कसें राखावें, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनीं पूर्वाचार्यांचीं मतें समोर ठेवून, युक्तिवादानें सोडविण्याचा यत्न केला. १९०१ सालीं ज्ञानेश्वर महाराजांनीं दर्शन देऊन त्यांस मंत्र दिला, असें संप्रदाय मानतो. तो अनुभवाचा प्रांत असल्यामुळें टीकाकारानें तेथें पायरीवरच थांबावें. पण जी श्रद्धा प्रतिपक्षाचा ग्रंथ मुद्दाम मागवून ऐकते, तिला भरपाई म्हणणें हा त्या श्रद्धेचा आणि त्या बुद्धीचा, दोहोंचाही अपमान आहे.

मग असें चरित्र लिहावें तरी कसें? याचा धडा दूर शोधावयास नको. माधान ज्या अमरावती जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत ऋद्धिपूर आहे. तेथील गोविंदप्रभूंस गांवचे लोक वेडे म्हणत. महानुभावांस ते साक्षात् ईश्वरावतार. तरीही म्हाइंभटांच्या नांवावर असलेल्या त्यांच्या चरित्रांत लोकांचें तें बोलणें, प्रभूंचें मुलांत खेळणें, कोणाच्याही घरांत शिरणें, हें सारें जसेंच्या तसें नोंदविलें आहे. भक्तानें तें झांकलें नाहीं, आणि त्यावर रूपकांची शालही पांघरली नाहीं. लीळाचरित्रासाठीं याच म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत ज्यांनीं चक्रधरांस पाहिलें त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण गोळा केली. परम भक्ति आणि परम प्रामाणिकपणा एकाच लेखणींत नांदूं शकतात, याचा पुरावा मराठी गद्यानें आपल्या पहिल्याच पावलाला देऊन ठेविला आहे. पुढल्या चरित्रकारांनीं तो विसरावा, हें आपलें दुर्दैव होय.

हा केवळ वाङ्मयीन रुचीचा वाद असता तर आम्ही त्यावर इतकी शाई खर्चिली नसती. परंतु आजही आपल्या वर्गांत दृष्टिहीन विद्यार्थी येऊन बसतात. गुलाबराव महाराजांची चमत्कारकथा त्यांस सांगितली, तर तिचा अर्थ त्यांस असा लागतो कीं, ईश्वरी कृपा झाली तर विद्या येईल, नाहीं तर नाहीं. वर्गांतील डोळस मुलांसही ती कथा सोयीची वाटते. कारण कृपा ईश्वरानें करावयाची असली म्हणजे आपणांस कांहींच करावयाचें उरत नाहीं. तेंच त्या मुलांस सांगावें कीं, माधानच्या या महापुरुषाला कोणीतरी रोज पोथी वाचून दाखवीत होतें. म्हणजे अंध मुलाला अभ्यासाचा धीर येईल, आणि त्याच्या शेजाऱ्याला आपलें पुस्तक मोठ्यानें वाचण्याची बुद्धि होईल.

महाराजांचे ग्रंथ सूक्तिरत्नावलीच्या रूपानें उपलब्ध आहेत. त्यांचें स्मरण करूं इच्छिणारानें प्रथम ते वाचावे, आणि जवळ कोणी न दिसणारा असेल तर त्याच्याजवळ बसून वाचावे.