खटपट्या, उचापतखोर आणि दरोडेखोर

वर्तमानपत्रात 'हॅकर' हा शब्द आला की त्याच्या जोडीने एक ठरावीक चित्रही येते : अंधारी खोली, चेहरा झाकणारे टोपडे आणि पडद्यावरून धावणारी हिरवी अक्षरे. वर्गात मुलांना विचारले तर तीही हेच वर्णन करतात. अडचण अशी की, हे चित्र प्रत्यक्षात घडलेल्या घटनांशी फारसे जुळत नाही. अशा चित्रातून भीती निर्माण होईल किंवा आकर्षण वाटेल. समज मात्र येणार नाही. या विषयावरील दोन इंग्रजी पुस्तके आता जवळपास अभिजात मानली जातात. ती महाराष्ट्रात घडलेल्या काही घटनांच्या शेजारी ठेवून वाचावीत आणि त्यांतून शिक्षकाने काय घ्यावे, काय सोडावे ते पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

पहिले पुस्तक स्टीव्हन लेव्ही यांचे 'हॅकर्स'. ते १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवात अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या मंडळापासून होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस या मंडळातील काही विद्यार्थ्यांना रुळांवरून धावणाऱ्या गाड्यांपेक्षा टेबलाखालच्या तारा, कळा आणि रिले यांच्या जंजाळात अधिक रस होता. एखादी जोडणी चतुराईने, कमी भागांत आणि अनपेक्षित रीतीने साधली की तिला ते 'हॅक' म्हणत. पुढे हीच मुले संस्थेतल्या संगणकापाशी पोहोचली. यंत्र दिवसा मोठ्यांच्या ताब्यात असे. मुलांच्या वाट्याला रात्र येई. १९६२ साली पीडीपी-१ या संगणकावर साकार झालेला 'स्पेसवॉर' हा खेळ याच वातावरणातून आला. तेव्हा 'हॅकर' हे दूषण नव्हते. ती एक पदवीच होती.

लेव्ही यांनी या मुलांच्या वागण्यातून एक आचारधर्म मांडला आहे. यंत्राला हात लावण्याची मुभा हवी, माहिती मोकळी हवी, अधिकार एका जागी साचू नयेत आणि माणसाची पारख पदवी, वय वा वंश पाहून न करता त्याच्या कामावरून व्हावी, हा त्याचा सारांश. शिक्षकाला यातले पहिले सूत्र चटकन पटेल. कुलूपबंद संगणकखोलीच्या दारावर 'हात लावू नये' अशी पाटी लावून कोणी संगणक शिकलेले नाही.

पण पुस्तकाचा दोषही इथेच आहे. बंद खोल्यांची कुलपे उघडून रात्री यंत्रांपर्यंत पोहोचणाऱ्या मुलांच्या हकिकती लेव्ही इतक्या कौतुकाने सांगतात की, ते यंत्र कोणाचे, त्याचा खर्च कोण करतो आणि त्यावर दुसऱ्या कोणाचे काम खोळंबले का, हे प्रश्न मागे पडतात. त्या प्रयोगशाळेचा बराच पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून येत होता. या मंडळींत मुली जवळजवळ नव्हत्या. लेव्ही हे नोंदवतात, पण त्यावर फार थांबत नाहीत. मोकळीक कोणाला मिळाली आणि कोणाच्या जिवावर, हे विचारल्याशिवाय मोकळिकीचे तत्त्वज्ञान पुरे होत नाही.

दुसरे पुस्तक क्लिफर्ड स्टोल यांचे 'द ककूज एग', म्हणजे कोकिळेचे अंडे. ते १९८९ सालचे. स्टोल मुळात खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचे अनुदान संपल्यावर १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक विभागात त्यांची बदली झाली. तिथे संगणकाच्या वापराचा जमाखर्च दोन वेगवेगळ्या आज्ञावल्या ठेवत असत आणि त्यांत ७५ सेंटांचा फरक येत होता. कोणीही हा फरक खोडून पुढे गेला असता. वेधशाळेच्या शिस्तीत वाढलेल्या स्टोल यांनी तो सोडला नाही. त्यातून पुढे जवळजवळ वर्षभराचा पाठलाग घडला. कोणी अनोळखी इसम त्यांच्या संगणकातून शिरून अमेरिकन लष्कराचे संगणक धुंडाळत होता. अखेर माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. मिळवलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकली जात होती. १९९० साली तिथल्या न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. त्या स्थगित स्वरूपाच्या होत्या.

पुस्तकाचे नाव आपल्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि कावळा ते आपलेच समजून उबवतो, हे त्यांना ठाऊक असते. स्टोल यांच्या संगणकातही नेमके हेच घडले. पत्रे एका जागेहून दुसरीकडे हलवणाऱ्या एका आज्ञावलीला चुकून व्यवस्थापकाचे सर्वाधिकार दिले गेले होते. त्यामुळे तिच्या मदतीने कोणालाही राखीव जागेत फाइल ठेवता येई. संगणक दर पाच मिनिटांनी स्वतःची एक नित्याची आज्ञावली चालवीत असे. घुसखोराने तिच्या जागी आपली आज्ञावली ठेवली. संगणकाने ती आपलीच समजून चालवली आणि सर्वाधिकार घुसखोराच्या हाती दिले. त्यानंतर त्याने मूळ आज्ञावली पुन्हा जागेवर ठेवली. यात कुठेही अचाट प्रतिभा नाही. इतर ठिकाणी तर कारखान्यातून आलेले मूळ संकेतशब्द कोणी बदललेलेच नव्हते. त्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली. त्यांपैकी तीसहून थोडी अधिक उघडली. चिकाटी त्याची होती आणि निष्काळजीपणा इतरांचा.

विज्ञानशिक्षकाला या पुस्तकातला एक प्रसंग विशेष आवडेल. घुसखोर किती दूर आहे, हे स्टोल यांनी उत्तर येण्याच्या विलंबावरून काढायचे ठरवले. संदेश गेल्यापासून पोच येईपर्यंत सुमारे ३ सेकंद लागत होते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला, तर जाण्यायेण्याचे अंतर ९ लाख आणि एका बाजूचे साडेचार लाख किलोमीटर होते. म्हणजे हा माणूस चंद्राच्याही पलीकडे! उत्तर हास्यास्पद आहे, कारण बहुतेक विलंब तारांत होत नसून वाटेतल्या संगणकांत होतो. स्टोल यांनी मग ज्ञात अंतरावरच्या ठिकाणांचा विलंब मोजला आणि त्या मापाने अंदाज काढला. तो काही हजार मैलांचा, म्हणजे समुद्रापलीकडचा निघाला. सूत्रात आकडे घातल्यावर विसंगत उत्तर आले, तर गृहीतक तपासावे आणि ज्ञात मापाशी ताडून पाहावे, हा धडा नववी-दहावीच्या वर्गात जसाच्या तसा घेता येईल.

पद्धतीच्या दृष्टीने हे पुस्तक उत्तम आहे. माणसांच्या बाबतीत मात्र ते तोकडे पडते. पाठलाग करणारा आपल्याला आतून कळतो. त्याचा आळस, त्याचे विनोद, सरकारी खात्यांवरचा त्याचा मूळचा अविश्वास आणि पुढे त्यात झालेला बदल, सारे काही. संगणकांचे जाळे परस्परविश्वासावर उभे असते आणि तो विश्वास मोडला की सर्वांनाच कुंपणे घालावी लागतात, हे त्यांना हळूहळू उमगते. तो भाग मनापासून लिहिलेला आहे. पण पलीकडचा तरुण रात्ररात्र तिथे का बसत होता? पैशासाठी, थरारासाठी, की कोणी त्याचा वापर करून घेत होता? यावर पुस्तक जवळजवळ मौन पाळते. घुसखोर सावलीसारखाच राहतो. आरंभी सांगितलेले टोपड्याचे चित्र अशाच मौनातून पोसले जाते.

आता आपल्याकडच्या तीन घटना पाहू. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या आणि जून महिन्यात मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकात परदेशी मुलांची एक टोळी शिरली. 'मिल्वर्म' या नावाने वावरणारी ही मुले वेगवेगळ्या देशांतली होती आणि त्यांतली बरीचशी विशीच्या आतली होती. त्यांनी शास्त्रज्ञांची ई-पत्रे उतरवून घेतली आणि अणुचाचण्यांचा निषेध करणारा मजकूर मागे ठेवला. यात निषेध किती आणि फुशारकी किती, हे वेगळे करणे कठीण आहे. दुसरी घटना २००५ सालची, पुण्यातली. एका सेवाकेंद्रातील काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकन ग्राहकांकडून बोलता बोलता त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. इथे कोणत्याही यंत्राचे कुलूप तोडले गेले नाही. तोडला गेला तो फोनवरच्या माणसाचा विश्वास.

तिसरी घटना सर्वांत मोठी. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील यंत्रांतून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे अडीच कोटी काढले गेले. १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेद्वारे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर होते.

हे कसे घडले? आपण यंत्रात कार्ड घातले की यंत्र ती मागणी बँकेच्या मधल्या संगणकाकडे पाठवते. तो मुख्य खतावणीला विचारतो, 'खात्यात पैसे आहेत का?' आणि होकार आला की यंत्र नोटा देते. हल्लेखोरांनी या मधल्या जागी आपला खोटा मध्यस्थ बसवला. तो मुख्य खतावणीला काही न विचारताच परस्पर होकार देत होता. म्हणूनच ग्राहकांच्या खात्यांतली शिल्लक कमी झाली नाही. पैसे गेले ते बँकेचे. तंत्र पाहिले तर ही स्टोल यांचीच गोष्ट आहे. बत्तीस वर्षांनंतरही तेच अंडे आणि तेच घरटे!

माणसे मात्र पार बदलली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या आपल्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. म्हणजे आज्ञावली लिहिणारे कुठेतरी पगारावर काम करत होते. दुसऱ्या टोकाला बनावट कार्डे घेऊन यंत्रापुढे उभी राहिलेली साधी माणसे होती. त्यांनी कोल्हापुरातील यंत्रांतूनही पैसे काढले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. कार्ड घालून नोटा मोजण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. जाळे विणणारा दूर राहतो आणि हातात बेड्या पडतात त्या शेवटच्या दुव्याच्या. विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे असे आम्हाला वाटते. आपले बँकखाते थोड्या पैशांसाठी दुसऱ्याला वापरायला देणारा कॉलेजचा मुलगा याच साखळीतला शेवटचा दुवा होत असतो.

या साऱ्यांना एकच 'हॅकर' हा शब्द लावणे म्हणजे सुतार, खोडकर पोर आणि घरफोड्या या तिघांच्याही हातात पटाशी दिसते म्हणून तिघांना एकाच नावाने हाक मारण्यासारखे आहे. मराठीत यासाठी शब्द आहेत. लेव्ही यांची मुले 'खटपट्या'. अणुसंशोधन केंद्रात शिरलेली मुले 'उचापतखोर', आणि त्यांची उचापत गंभीरच होती. कॉसमॉसवाले सरळ 'दरोडेखोर'. आपल्या कायद्यानेही हा गोंधळ एकदा अनुभवला आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ व्या कलमाच्या मथळ्यातच 'हॅकिंग' हा शब्द होता. २००८ च्या दुरुस्तीने तो काढून 'संगणकविषयक गुन्हे' असा शब्दप्रयोग आणला. त्यामुळे कृत्य लबाडीने वा अप्रामाणिकपणे आणि परवानगीवाचून केले का, यावर भर आला. कृत्याचे वर्णन करावे, माणसावर शिक्का मारू नये, हा धडा वर्तमानपत्रांनी अजून घ्यायचा आहे.

शाळेपुढचा प्रश्न नेमका असाच येतो. एखाद्या नववीतल्या मुलाने शाळेच्या संगणकाचा संकेतशब्द ओळखला तर काय करायचे? त्याला चोर ठरवले तर जिज्ञासा मरते किंवा लपून वाढते. 'हुशार आहे' म्हणून पाठ थोपटली तर परवानगीची किंमत त्याला कधीच कळत नाही. याचे उत्तर शोधायला देवळीकरांना फार लांब जावे लागू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला आणि पुढे सेवाग्रामात नई तालीम उभी राहिली. तिथे मुलाच्या हाती टकळी बिनदिक्कत दिली जाई, पण काढलेल्या सुताची मोजदादही होई. साधन हाती देणे आणि त्याचा हिशेब मागणे, या दोन्ही गोष्टी बरोबरच चालत. लेव्ही यांच्या आचारधर्मात पहिली आहे, दुसरी नाही. ती उणीव आपण भरून काढायला हवी.

ती भरणे अवघड नाही. वापरातून बाद झालेला एखादा संगणक जाळ्यापासून वेगळा करून मुलांना खोलायला, बिघडवायला आणि दुरुस्त करायला द्यावा. जे केले ते स्टोल यांच्याप्रमाणे तारीखवार वहीत लिहायला लावावे. शाळेच्या चालू यंत्रात त्रुटी सापडली तर ती न वापरता शिक्षकांना सांगणाऱ्या मुलाचे नाव वर्गात घ्यावे. देशपातळीवर 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था अशा त्रुटींच्या सूचना स्वीकारतेच.

दोन्ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात असावीत. लेव्ही यांचा पहिला भाग पुरेसा आहे. स्टोल मात्र पूर्ण वाचावेत, शक्य तर मुलांबरोबर. आणि कॉसमॉसची हकिकत कोणीतरी मराठीत अशीच सविस्तर लिहावी. त्या हकिकतीत ज्याने यंत्रापुढे उभे राहून नोटा मोजल्या, त्या माणसाचेही एक प्रकरण असावे. तो तिथवर कसा पोहोचला हे कळले, तर उद्या त्याच्या जागी उभा राहणारा कदाचित आपल्या वर्गातूनच मागे वळेल.