बुवाला हसणे सोपे आहे

2011 ते 2014 या चार वर्षांत धर्माच्या बाजारावर हसणारे तीन गाजलेले चित्रपट आले: उमेश कुलकर्णींचा ‘देऊळ’, उमेश शुक्लांचा ‘ओह माय गॉड’ आणि राजकुमार हिरानींचा ‘पीके’. श्रद्धेची खिल्ली तिघांनीही उडवली नाही. श्रद्धेच्या जिवावर जे व्यवहार चालतात त्यांवर बोट ठेवले. मात्र तिघांची धार सारखी नाही. ती कुठे बोथट झाली हे पाहिले की पुढच्या वर्षांत हा विनोद का आटला, याचे निम्मे उत्तर मिळते.

‘ओह माय गॉड’ची मूळ कल्पना बिनतोड आहे. भूकंपात मूर्तींचे दुकान जमीनदोस्त होते आणि ‘ही देवाची करणी’ म्हणून विमा कंपनी हात वर करते. मग दुकानाचा मालक कानजी देवावरच दावा लावतो आणि त्याचे प्रतिनिधी म्हणवणाऱ्या महंत-मौलवी-पाद्र्यांना कोर्टात खेचतो. करणी देवाची मानली तर भरपाई द्या, नाहीतर आम्ही देवाचे कुणी नाही असे लिहून द्या! मूळ गुजराती नाटकातून आलेला हा पेच प्रेक्षकाला पोटभर हसवतो. पण कानजीच्या पाठीशी खुद्द कृष्ण उभा असतो आणि अखेरीस आजारी पडलेल्या कानजीला बरेही तोच करतो. चमत्कारांवर प्रश्न विचारणारी कथा चमत्कारानेच सुटते, तिथे तिचा दावा निकालात निघतो.

‘पीके’मधला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. परीक्षेच्या दिवशी परग्रहावरून आलेला पीके कॉलेजच्या आवारात झाडाखाली एक दगड ठेवतो, त्याला पानाच्या पिंकेचा लाल रंग फासतो, पुढ्यात चार नाणी टाकतो. घाबरलेली पोरे येऊन हात जोडतात, पैसे वाहतात. शेजारच्या चहावाल्याला भांडवल लागते, राबावे लागते. इथे फक्त समोरच्याची भीती पुरते. धर्माचे सगळे अर्थशास्त्र या काही मिनिटांत येते. पुढे मात्र सारा दोष एकट्या तपस्वी महाराज या बुवाच्या माथी जातो. टीव्हीच्या स्टुडिओत त्यांचा मुखवटा उतरतो आणि प्रेक्षक मोकळ्या मनाने घरी जातो. दगडापुढे हात जोडणाऱ्यांत आपणही होतो, हे विसरण्याची सोय चित्रपटच करून देतो.

‘देऊळ’ ही सोय करत नाही, म्हणून तो या तिघांत थोर आहे. मंगरूळच्या केशाला औदुंबराखाली दत्ताचे दर्शन होते. तो लबाड नाही, साधा गुराखी आहे. गिरीश कुलकर्णींच्या लेखणीने या गावात एकही खलनायक ठेवलेला नाही. गावचे पुढारी भाऊ यांना राजकारण सांभाळायचे आहे, तरण्या पोरांना काम हवे आहे, बायांना चार पैसे हवे आहेत. गावातल्या जाणत्या अण्णांनी आखलेला दवाखाना मागे पडतो आणि देऊळ उभे राहते. अस्वस्थ केशा शेवटी मूर्तीच उचलून पाण्यात सोडतो. गावाला फरक पडत नाही; नवी मूर्ती येते, रांग पुन्हा लागते. देवाचीही गरज उरू नये इतका भक्कम व्यवहार! राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘देऊळ’ला ‘ब्यारी’सोबत विभागून मिळाला, तो सार्थच होता.

या जातीचे धाडस पुढे मल्याळम चित्रपटाने दाखवले. लिजो जोस पेल्लिस्सेरी यांच्या ‘ई.म.यौ.’ (2018) मध्ये चेल्लानमच्या किनाऱ्यावरचा गरीब मुलगा बापाची अंत्ययात्रा थाटात काढायला धडपडतो आणि पाद्री संशयावरून चर्चच्या दफनभूमीत जागा नाकारतो. हसता हसता घशात आवंढा येतो, कारण पाद्र्याइतकेच कुजबुजणारे शेजारीही त्या छळात सामील आहेत.

हिंदीत मात्र वारे फिरले. 2012 मध्ये ‘ओह माय गॉड’चा कृष्ण पडद्यावर मोटारसायकल चालवत होता. 2023 मध्ये ‘ओएमजी 2’ परिनिरीक्षणातून बाहेर पडला तेव्हा शंकराच्या जागी शंकराचा दूत आला होता. देवाला माणसांत मिसळू न देण्याची ही दक्षता आपल्या परंपरेतली नाही. इथे तमाशाच्या गौळणीत मावशी कृष्णाला तोंडावर सुनावते. एकनाथांच्या भारुडांनी ढोंगाला चव्हाट्यावर आणले. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहून भटशाहीची लूट नाटकातून दाखवली आणि सत्यशोधक जलसे तोच विचार घेऊन गावोगाव फिरले.

म्हणून मराठी लेखक-दिग्दर्शकांकडून अपेक्षा जास्त आहे. बुवा तुरुंगात गेला की त्याची गर्दी दुसऱ्या बुवाच्या मांडवात जाऊन बसते, हे आपण पाहतो. त्या गर्दीत आपले नातेवाईक असतात, कधी आपणही असतो. वर्गणीचा हिशेब, ट्रस्टची निवडणूक, देवस्थानाला जाणारा नवा रस्ता आणि त्यालगतच्या जमिनींचे भाव यांत विनोदाचा अस्सल माल पडून आहे. बुवाला हसून झाले. आता त्याला पोसणाऱ्या आपल्याला हसवून जागे करणारा चित्रपट हवा.