‘द विंड’ : कादंबरीतील वारा आणि मूकपटातील वारा

कादंबरीवरून निर्माण झालेल्या चित्रपटाचे मूल्यमापन बहुधा ‘मूळ कथानक कितपत राखले’ या एकाच कसोटीवर केले जाते. ही कसोटी अपुरी आहे. कारण माध्यम बदलताच अर्थबोधाची साधनेही बदलतात. व्हिक्टर स्योस्त्रोम यांनी दिग्दर्शित केलेला ‘द विंड’ (१९२८) हा मूकपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

डॉरथी स्कार्बरो यांची मूळ कादंबरी १९२५ मध्ये लेखिकेच्या नावावाचून प्रसिद्ध झाली. व्हर्जिनियातून टेक्ससच्या रुक्ष माळावर आलेली लेटी, निराधार अवस्थेत तिने लाइजशी केलेला विवाह, रॉडीने वादळात तिच्यावर केलेला अत्याचार आणि तिच्या हातून झालेला त्याचा वध, हा कथाभाग दोन्हीकडे समान आहे. शेवट मात्र भिन्न आहे. कादंबरीतील लेटी भ्रमिष्ट होऊन वादळात धावत सुटते. चित्रपटातील लेटी पतीच्या मिठीत वाऱ्याला निर्भयपणे सामोरी जाते.

वायूला रूप नाही; स्पर्श, शब्द, कंप इत्यादी लिंगांवरून त्याचे अनुमान करावयाचे, असे वैशेषिक मानतात. कादंबरीकर्त्रीला ही सारी लिंगे शब्दांनी सुचविता येतात. मूकपटाच्या दृश्यभाषेला स्पर्श नाही आणि शब्दही नाही. (प्रदर्शनाच्या वेळी जोडलेले संगीत व नाद हे चित्रणानंतरचे होत.) उरतो तो कंप. मोहावीच्या वाळवंटात विमानांच्या पंख्यांनी वाळू उडवून स्योस्त्रोम यांनी या एकाच लिंगावर सारी भिस्त ठेवली. हेलकावणारा दिवा, पावावर साचलेली वाळू, लिलियन गिश यांची भिरभिरती नजर, एवढ्यावर वारा हे एक पात्र होऊन उभे राहते. विवाहाच्या रात्री पतिपत्नींतील दुरावाही केवळ येरझारा घालणाऱ्या पावलांतून व्यक्त होतो.

या पार्श्वभूमीवर शेवट सदोष वाटतो तो सुखान्त म्हणून नव्हे. नकार मिळाल्यावर तिला स्पर्श न करण्याचे वचन देणाऱ्या लाइजविषयी लेटीच्या मनात प्रेम उपजावे, याची तयारी चित्रपटाने केलेली आहे. तयारी नाही ती वाऱ्याच्या निर्दोषत्वाची. पुरलेल्या प्रेतावरील वाळू वारा उडवून नेतो, हे लेटीबरोबर आपणही खिडकीतून पाहिलेले असते. तो भ्रम होता असे मानले, तरी त्याचे निराकरण दृश्याने व्हावयास हवे होते. लाइजला बाहेर प्रेत दिसत नाही, एवढेच दृश्य सांगते. न्यायाने मारलेल्याला वारा झाकून टाकतो, हा त्याचा अर्थ लाइजच्या तोंडचे लिखित वाक्य पडद्यावर आणून सांगावा लागतो. जो चित्रपट दृश्यावर विसंबून येथवर आला, तो ऐन निर्णायक क्षणी अक्षरांचा आधार घेतो.

सारांश, कादंबरीचा शेवट बदलणे हा रूपांतरकाराचा अधिकार आहे. परंतु नवा शेवट स्वीकारलेल्या माध्यमाच्या भाषेतच सिद्ध झाला पाहिजे. ‘द विंड’ येथे उणा पडतो तो मूळ कादंबरीशी नव्हे, तर स्वतःच घडविलेल्या भाषेशी. आणि ही भाषा इतकी समर्थ आहे, म्हणूनच हे उणेपण जाणवते.