टॉम४० : गुन्हेगार की नुसता शेजारी?

मायटोकाँड्रियाला स्वतःचा डीएनए असतो, पण त्यातून जेमतेम १३ प्रथिनं बनतात. बाकीची हजारभर प्रथिनं बाहेर, पेशीद्रवात तयार होतात आणि मग आत शिरतात. त्यांतल्या बहुतेकांचा दरवाजा म्हणजे टॉम४०, बाहेरच्या पटलातलं पिंपासारखं छिद्र.

मग याच जनुकाचं नाव अल्झायमरशी का जोडलं जातं? २०१० मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाचा पेपर आला. टॉम४० जनुकात सलग 'टी' अक्षरांचा एक पट्टा आहे, काहींत लांब, काहींत आखूड. एपीओई ३/४ प्रकारच्या रुग्णांत, ३ च्या जोडीला लांब पट्टा असेल तर आजार सरासरी ७ वर्षं आधी सुरू झाला, असा त्यांचा दावा.

माझे आक्षेप तीन.

एक, हा ७ चा आकडा फक्त ३४ रुग्णांवर उभा आहे.

दोन, पट्टा इंट्रॉनमध्ये आहे, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकल्या जाणाऱ्या भागात. त्याने दरवाजाचा आकार बदलत नाही. फार तर दरवाजांची संख्या बदलेल. पण प्रथिनांची आयात खरंच मंदावते का, हे पेपरात मोजलेलंच नाही.

तीन, शेजार. १९व्या गुणसूत्रावर टॉम४० संपल्यावर सुमारे २,००० अक्षरांवर एपीओई सुरू होतं. एपीओई-४ आणि अल्झायमरचा संबंध १९९३ मध्ये रोझेस यांच्याच गटाने दाखवला होता. इतकी जवळची जनुकं वारशात बहुधा जोडीनेच जातात. आमच्या नांदगाव तिठ्यावर देवगडचा आंब्याचा टेम्पो आणि त्यामागची एसटी रोज एकत्र दिसतात, म्हणून आंबे एसटीतून आले असं कोण म्हणेल? २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात एपीओईचा परिणाम वजा केल्यावर टॉम४०चा वेगळा ठसा उरला नाही.

तरी याच कल्पनेवर 'टुमॉरो' ही औषधचाचणी झाली. ३,४९४ निरोगी ज्येष्ठ त्यात होते. औषधाचा उपयोग दिसेना म्हणून २०१८ मध्ये ती थांबवली. जोखमीचा अंदाज मात्र बऱ्यापैकी जुळला! पण तो अंदाज वय, एपीओई आणि टॉम४० असा तिन्ही मिळून होता. मग श्रेय कुणाचं?

रोझेस यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. अल्झायमरच्या मेंदूत मायटोकाँड्रिया बिघडलेले दिसतात. पण त्याचं उत्तर रक्ताच्या नमुन्यातली अक्षरं मोजून मिळणार नाही, चेतापेशीत आयात मोजावी लागेल. तोवर कुणाच्या घरी रिपोर्टात टॉम४० दिसलं, तर घाबरण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: एपीओई बाजूला काढलं, तर यात उरतं काय?